आता राहू दे त्याला

आमच्या कोपऱ्यावरच्या भुसार दुकानात पोती मोजायचा एक लोखंडी काटा आहे. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी दोनच्या सुमारास, त्या काट्यावर आमचा ढब्बू उभा राहतो. दोनलाच का, तर तेव्हा दुकान बंद असतं (हे पुणं आहे, एक ते चार झोपणं हा दुकानदाराचा घटनादत्त अधिकार आहे), पण काकांचा ढब्बूवर जीव म्हणून ते शटर अर्धं वर करतात, मी वाकून आत शिरते, ढब्बूला वाकावं लागत नाही. मग तो काट्यावर चढतो, चार पाय नीट टेकवून उभा राहतो, आणि काका कपाळावरचा चष्मा खाली ओढून आकडा वाचतात, अगदी तांदळाचं पोतं आल्यावर वाचावा तसा. "तेहेतीस सातशे." गेल्या महिन्यात चौतीस शंभर होतं, म्हणजे चारशे ग्रॅम गेले. मी खूश. काका म्हणाले, "वहिनी, तुमचंपण बघायचं का?" म्हटलं, नको, आज एवढंच पुरे.

ढब्बू लॅब्रेडॉर आहे, एके काळी बिस्किटी रंगाचा होता, आता तोंडाकडून पांढरा होत चाललाय. वय साडेबारा. दीड वर्षापूर्वी याच काट्यावर त्याचं वजन अडतीस किलो भरलं होतं आणि ते मी केलं होतं. दुसऱ्या कुणी नाही. प्रेमाने केलं होतं, हे अजून वाईट.

तर सांगते. ढब्बू दोन महिन्यांचा असताना आमच्याकडे आला, आणि वर्षाचा झाल्यापासून आमचा रोजचा शिरस्ता म्हणजे सकाळी सहाला वेताळ टेकडी. कोथरूडच्या बाजूने चढायचं, वर वेताळाच्या देवळापर्यंत जायचं, पावसाळा संपून खाणीत पाणी असलं की तिकडे एक चक्कर, मोर दिसला की याने उगाच त्याच्या मागे चार उड्या मारायच्या (एकदाही पकडला नाही, पकडायचा नव्हताच बहुतेक), आणि साडेसातला चिखलाचे पाय घेऊन घरी. दहा वर्षं. मला डायबेटिस झाला नाही याचं श्रेय मी याच कुत्र्याला देते.

मग अकराव्या वर्षी बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. झोपेतून उठला की पहिली दहा पावलं गंजलेल्या बिजागरीसारखी टाकायचा, मग ठीक. गाडीच्या मागच्या सीटवर उडी मारायच्या आधी दोनदा विचार करायचा, पुढे पुढे तर नुसते पुढचे पाय ठेवून माझ्याकडे बघायचा, की उचल. आणि एक दिवस टेकडीच्या पहिल्याच चढाला उभा राहिला तो उभाच. ओढला नाही मी. घरी आणला. आईला सांगितलं (माझी आई आमच्याकडेच असते, बाबा गेल्यापासून), तर ती म्हणाली, "अगं, राहू दे आता त्याला. म्हातारा झालाय तो. किती पळवशील?"

आणि मी राहू दिलं.

हा 'राहू दे' शब्द बघा कसा आहे. किती मायेचा वाटतो. लग्नघरात एखादी आजी भाजी निवडायला बसते आणि कुणीतरी तिच्या पुढ्यातलं ताट उचलून नेतं, "राहू दे आजी, तुम्ही बसा निवांत." आणि ती आजी मग खरंच बसते, भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, आणि तिला काय करावं कळत नाही. आम्ही ढब्बूचं तेच केलं. टेकडी बंद. सोसायटीच्या बागेपर्यंत जायचं, शी-शू झाली की परत. चालायला मिळत नाही बिचाऱ्याला म्हणून मग खायला जास्त. बिचारा आहे म्हणून माझ्या ताटातली पोळी, बिचारा आहे म्हणून नवऱ्याच्या ऑम्लेटचा कोपरा, आणि आईचं तर वेगळं खातंच होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. सहा महिन्यांत तेहेतीसचे अडतीस झाले.

लॅब्रेडॉर लोकांना आपण हावरट म्हणतो ते अगदीच बदनामी नाहीये. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरच्या एका जीनमध्ये थोडा तुकडा गायब असतो, आणि त्यामुळे ते जास्त खा-खा करतात, वजनही त्यांचं जास्त असतं. आमचा ढब्बू त्या चारातला एक आहे की बाकीच्या तिघांतला, हे बघायला मी काही टेस्ट केलेली नाही. ज्याने एकदा दिवाळीला ठेवलेलं अनरशाचं अख्खं पीठ संपवलंय त्याची कसली टेस्ट करायची.

डॉक्टरांकडे गेलो ते तो एका रात्री उठताना ओरडला म्हणून. आमचे डॉक्टर बोलायला फटकळ आहेत, पण माणूस हुशार. त्यांनी त्याला उभं केलं, मागच्या मांड्यांवरून दोन्ही हात फिरवले, मग माझा हात धरून तिथे ठेवला. "बघा." मी बघितलं. पोटावर, पाठीवर चरबीचा थर, आणि मांडीत काहीच नाही. हाड लागत होतं हाताला. ज्या मांडीच्या जोरावर हा प्राणी दहा वर्षं टेकडी चढला ती मांडी सहा महिन्यांत कुठे गेली मला कळेना. एक्स-रे काढला, दोन्ही खुब्यांमध्ये संधिवात, डावा जास्त. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला वाटलं तुम्ही त्याला आराम दिला. तुम्ही त्याची मांडी काढून घेतली."

मला फार लागलं ते. गाडीत बसून रडले थोडी. पण मग त्यांनी समजावलं ते अजून डोक्यात आहे. सांधा झिजतो, ते खरंच आहे, हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादीसारखी असते ती एकदा झिजली की काही परत येत नाही. पण सांध्याला धरून ठेवतो तो स्नायू. दुखतं म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू वितळतो, स्नायू गेला की सगळा भार सांध्यावर, मग अजून दुखतं, मग अजून चालत नाही. वर पाच किलो जास्तीचं ओझं. हे चक्र कुठूनतरी फोडायचं, आणि फोडायला तीनच जागा आहेत, दुखणं कमी करणं, वजन कमी करणं, आणि हलवणं. तिन्ही एकदम.

दुखण्याचं डॉक्टरांनी बघितलं, आधी रक्त तपासून लिव्हर-किडनी ठीक आहेत ना बघून मग कुत्र्यांसाठीची गोळी. इथे एक सांगतेच, कारण आमच्या लिफ्टमध्ये मला दोन जणांनी सल्ला दिला होता की आपली अंगदुखीची गोळी असते ना, त्यातली पाव द्यायची. अजिबात नाही. आयब्युप्रोफेन कुत्र्यांना पोटात अल्सर करतं, किडनी घालवतं, पॅरासिटामॉलसुद्धा त्यांना आपल्यासारखं झेपत नाही. लिफ्टमधले सल्ले लिफ्टमध्येच सोडायचे.

चालण्याचं मात्र मला नव्याने शिकावं लागलं. मला वाटायचं वॉक म्हणजे अंतर. आपण टेकडीला किती चकरा मारल्या. डॉक्टरांनी सांगितलं, तुकडे करा. एकदम तास नाही, दिवसातून तीन वेळा बारा-पंधरा मिनिटं, रोज तेवढीच, पट्ट्याला धरून, सावकाश चालीत, कारण सावकाश चालताना चारही पाय टेकावे लागतात, पळाला की दुखरा पाय तो हुशारीने उचलून घेतो. बॉल फेकायचा नाही. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण बॉल हा त्याचा धर्म होता, पण सुसाट पळणं, कचकन ब्रेक, गर्रकन वळणं हे म्हाताऱ्या सांध्यांना सगळ्यात वाईट. बॉल कपाटावर गेला. आणि शेवटचं, जे मी आता सगळ्यांना सांगत सुटते: आज जास्त झालं का हे आज बघायचं नाही, उद्या सकाळी तो कसा उठतो ते बघायचं. उद्याची पहिली दहा पावलं म्हणजे आजच्या वॉकचा रिझल्ट.

हे सगळं ऐकून, डायरीत लिहून, तीन आठवडे नीट पाळून मग मी काय केलं असेल? बरोबर. तो जरा बरा चालायला लागला, शेपूट वर आलं, रविवार होता, हवा छान होती, आणि मी त्याला टेकडीवर घेऊन गेले. पूर्ण. देवळापर्यंत. तो आला ना! लॅब्रेडॉर नाही म्हणत नाही कधी, तुम्ही चंद्रावर चला म्हटलं तरी येईल, हाच तर लोचा आहे. वर गिरीपुष्पाच्या झाडांखाली बसून मी त्याचा फोटो काढला, जीभ बाहेर, फॅमिली ग्रुपवर टाकला, 'बॅक इन ॲक्शन'. सोमवारी सकाळी तो उठू शकला नाही. जागेवरच शू झाली आणि त्याने मान वळवून भिंतीकडे केली. ओरडला असता तर परवडलं असतं.

त्या दिवसापासून रविवारचे पराक्रम बंद. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी सिंहगड, हे माणसांनासुद्धा झेपत नाही, माझ्या नवऱ्याला विचारा.

आता आईकडे येते, कारण तिच्याशिवाय हे झालं नसतं. त्याच वर्षी आईचा उजवा गुडघा बदलला. तिला घरी शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, पंचविशीची असेल, गोड बोलायची आणि अजिबात सोडायची नाही. "काकू, अजून दोन." आई तिला मागे हिटलर म्हणायची. टाचा सरकवणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. आई पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "अगं, आता या वयात कशाला हे? राहू दे ना." आणि मी तिला चक्क रागावले. आई, हॉस्पिटलमधून येताना काय सांगितलंय, वाकवला नाही तर कायमचा आखडेल. बोलता बोलता माझी नजर ढब्बूकडे गेली. तो सोफ्याखाली होता.

डॉक्टरांनी त्याला दिलेले व्यायाम आणि हिटलरने आईला दिलेले व्यायाम मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले तर अर्धे तेच निघाले. खुर्चीतून उठणं-बसणं म्हणजे ढब्बूचं 'बस' आणि 'उभा'. पाच वेळा, दिवसातून दोनदा. ऐकायला सोपं आहे. पण खुबे दुखणारा कुत्रा सरळ बसत नाही, एक पाय बाजूला काढून लवंडतो, पंगतीत तिसऱ्या जिलबीनंतर पाहुणा बसतो तसा. त्या बसण्याचा काही उपयोग नाही. मग त्याला भिंतीला लागून उभं करायचं, दुखरी बाजू भिंतीकडे, म्हणजे पाय बाहेर जायला जागाच नाही. गाजराचा तुकडा नाकासमोर धरून थोडा वर न्यायचा, बसला. पुढे न्यायचा, उठला. पाचवा झाला की थांबायचं, सहावा तो करेल पण वाकडा करेल, आणि वाकडं करायचीच सवय लागते.

दुसरा व्यायाम पाटाचा. मूळ कुत्र्यांच्या व्यायामात त्यासाठी रबरी ठोकळे वगैरे मिळतात, आमच्याकडे आजीचा सागवानी फुल्यांचा पाट होता, ज्याच्यावर माझ्या नवऱ्याचं केळवण झालंय. पुढचे दोन पाय पाटावर, मागचे जमिनीवर, की वजन आपोआप मागे जातं आणि त्या बिचाऱ्या मांड्यांना काम लागतं. दहा सेकंद उभं राहायचं. पाट सरकू नये म्हणून खाली ओट्याजवळची रबरी मॅट. आईने आधी नाक मुरडलं, "पितळी फुल्यांचा पाट, आणि कुत्र्याला?" मी म्हटलं, दत्ताच्या पायाशी चार असतात. गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनेच तो ओल्या फडक्याने पुसून मांडून ठेवला होता.

तिसरा, दोन-तीन मॉपच्या काठ्या जुन्या पुस्तकांवर आडव्या ठेवायच्या, जेमतेम दोन-तीन इंच उंच, आणि त्यावरून सावकाश चालवायचं. घोड्यांच्या ट्रेनिंगमधून आलेली युक्ती आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांना मागचे पाय आपल्याला आहेत हेच जरा विसरायला होतं, ते नुसते ओढत आणतात, नखं घासली जातात. काठी आली की पाय उचलावा लागतो. पहिल्या दिवशी त्याने तिन्ही काठ्या पाडल्या. पुस्तकं लेकीची बारावीची फिजिक्सची होती, तिला आनंद झाला.

आणि फरशी! हे आधी सांगायला हवं होतं. आपल्या फ्लॅटमधल्या त्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स म्हणजे कुत्र्यांसाठी बर्फ. माझ्या आजोळी शहाबादी फरशी होती, खडबडीत, तिथे कुणी घसरायचं नाही. इथे ढब्बू उठताना मागचे पाय फाकायचे, दोन-तीन वेळा तसं झाल्यावर तो उठायलाच घाबरायला लागला आणि आम्हाला वाटलं आळस. मग त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत योगा मॅट आणि जुन्या सतरंज्या अंथरल्या. नवरा त्याला समृद्धी महामार्ग म्हणतो. पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापले, नखं कापली. फरक पहिल्याच दिवशी दिसला, आणि खर्च किती, तर तीन मॅट.

तर सकाळी सातला आमच्या हॉलमध्ये हा असा आखाडा. एकीकडे आई खुर्चीत, दुसरीकडे ढब्बू भिंतीला लागून. एकदा लेकीने कुठूनतरी काढून आणलं की कुत्र्याचं वय गुणिले सात हे खोटं आहे, २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी एकशेचार लॅब्रेडॉर घेऊन त्यांच्या डीएनएवर वयानुसार पडणाऱ्या खुणा तपासल्या आणि माणसांशी ताडून एक सूत्र काढलं, वयाचा नॅचरल लॉग घ्यायचा, सोळाने गुणायचं, एकतीस मिळवायचे. सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणला. ढब्बू तेव्हा बाराचा होता, उत्तर आलं एकाहत्तर. आई त्याच महिन्यात एकाहत्तर पूर्ण झाली होती. आईने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अस्सं? मग मी करते तर तू पण करायचं." सूत्र सरासरीचं आहे, एकेका कुत्र्याला असं मोजून लावता येत नाही, हे लेक सांगत होती पण आता कोण ऐकतंय.

पुढे गंमत अशी झाली की तो तिचं बघून उठायला लागला. म्हणजे मी समोर नसले तरी. आई खुर्चीतून उठली की हा उठायचा, ती बसली की बसायचा. मला वाटलं काय हे आत्म्याचं नातं! मग कळलं की आईच्या गाऊनच्या खिशात गाजराचे तुकडे असतात.

गाजरं ही तहानंतरची व्यवस्था आहे. तह व्हायच्या आधी आई त्याला रोज दुपारी तूप लावून पोळी द्यायची, मी ऑफिसात असताना. पकडल्यावर तिने सरळ नामदेव महाराजांना पुढे केलं. "कुत्रा कोरडी पोळी घेऊन पळाला तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं." मी म्हटलं, "आई, त्या कुत्र्याला संधिवात नव्हता, आणि नामदेव त्याच्या मागे धावले, म्हणजे त्याचा व्यायाम होत होता." मग तिला मी तो जुना अभ्यास सांगितला, अठ्ठेचाळीस लॅब्रेडॉर, जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला, जन्मभर. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाल्लेले साधारण पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवाताची औषधंही उशिरा लागली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "दोन वर्षं?" म्हटलं, हो. दुसऱ्या दिवसापासून काकडी, गाजर, वाफवलेला लाल भोपळा. तूप तिने सोडलं नाही, ते ती स्वतः खाते.

मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती कानांची.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नेहमीसारखे फटाके सुरू झाले. दरवर्षी ढब्बू बाथरूममध्ये कमोडमागे जाऊन थरथरत बसायचा, मी शेजारी बसायचे. त्या वर्षी तो हॉलमध्ये गाढ झोपला होता. खाली दहा हजारांची माळ. हा आपला झोपलेला. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो, नवरा म्हणाला, "म्हातारपणी शूर झाला बघ." शूर! मला दोन महिने लागले कळायला. तोपर्यंत मी रोज त्याला हाका मारत होते, तो आला नाही की चिडत होते, लेकीला सांगत होते की हल्ली फार हट्टी झालाय. आणि एक दिवस लेक त्याला झोपेत मागून मिठी मारायला गेली तर तो दचकून गुरगुरून वळला, दात हवेत वाजले. लागलं नाही कुणाला. पण लेक रडायला लागली, आणि तो तिच्यापेक्षा घाबरलेला.

मग पुन्हा शाळा. साडेअकरा वर्षांच्या कुत्र्याला खुणांची भाषा. झोपेतून उठवायचं तर हात नाकासमोर धरायचा, वास गेला की डोळे उघडतो, किंवा लांबून जमिनीवर पाय आपटायचा, थरथर त्याला कळते. अंगठा वर म्हणजे शाब्बास. दोन्ही हात पसरले म्हणजे ये. 'बस' शिकवायलाच लागलं नाही, कारण मी दहा वर्षं नकळत हात वर करतच 'बस' म्हणत होते, आणि तो बहुतेक शब्दाकडे कधी लक्षच देत नव्हता. अंगठा दोन दिवसांत जमला: अंगठा दाखव, लगेच गाजर, अंगठा, गाजर, तीन मिनिटं, बास. कठीण गेलं ते 'ये'. कारण खूण दिसायला आधी त्याने बघायला हवं ना माझ्याकडे. म्हणून मग आधी बघण्याचंच ट्रेनिंग. चालताना तो आपणहून वळून माझ्याकडे बघेल तेव्हा तेव्हा बक्षीस, बाकी कशाला नाही. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत दोनदा वळला. आता दर दहा-पंधरा पावलांना मान मागे करून बघतो, मी आहे का. मी असते. गाजर नसलं तरी बघतो, त्याबद्दल मी फार विचार करत नाही, घसा भरून येतो.

डोळेही निळसर धुरकट झालेत, मला वाटलं मोतीबिंदू, पण डॉक्टर म्हणाले वयाने भिंग घट्ट होतं तसं आहे, दिसतं त्याला बऱ्यापैकी. रात्रीचं मात्र थोडं सुरू झालंय. तीन वाजता उठून दारामागच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, आणि मागे यायचं कसं ते विसरतो. म्हाताऱ्या कुत्र्यांचं डोकं असं उतरायला लागतं त्याच्या खुणा डॉक्टर लोक पाच इंग्रजी अक्षरांत लक्षात ठेवतात: भांबावणं, माणसांशी वागणं बदलणं, झोपेचं उलटसुलट होणं, घरात शी-शू, हालचालीत फरक. ती पाच अक्षरं जोडली की शब्द होतो 'दिशा'. ज्याने कुणी तो शब्द जुळवला त्याला मराठी येत नसणार. मी हॉलमध्ये एक मिणमिणता दिवा लावून ठेवते, आणि उलटं चालायचं आम्ही दिवसा शिकतो, पलंग आणि भिंत यांच्या मधल्या बोळात, चार पावलं मागे. तेही मूळ मागच्या पायांसाठीच होतं. पण परवा रात्री तो कोपऱ्यात अडकला, मी उठून जायच्या आत चार पावलं मागे आला, वळला आणि जागेवर जाऊन झोपला.

बॉल अजून कपाटावरच आहे. त्याच्या बदली संध्याकाळी मी जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये त्याच्या जेवणातले दाणे गुंडाळते आणि तो नाकाने उलगडत बसतो, वीस मिनिटं, शेपूट हलत असतं सतत. वॉकलाही आता नाक पुढे, मी मागे. टेकडीच्या पायथ्यापर्यंत गाडीने (उडी नाही, फळीवरून चढतो), आणि तिथून सपाटीवर जेमतेम दोनशे मीटर. एका दगडाला चार मिनिटं हुंगतो. आधी मी घड्याळ बघायचे, आता मी पण बघते काय आहे त्या दगडात. काहीच नसतं. मला काहीच दिसत नाही, एवढंच. उन्हाळ्यात रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघते, पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर माघारी.

परवा संध्याकाळी आई आणि तो खाली गेले होते, त्यांच्या सोसायटीच्या दोन चकरा असतात, आईची काठी, याचा पट्टा, दोघांचा स्पीड आता एकच आहे. मी वरून बाल्कनीतून बघत होते. बी विंगमधले एक काका बाजारातून येत होते, थांबले, ढब्बूकडे बघून म्हणाले, "काय हो काकू, म्हातारा झाला की हा. आता राहू द्या की त्याला, कशाला चालवता?"

आईने काठी उचलून जमिनीवर आपटली, मला वरती ऐकू आली. "म्हातारा झाला म्हणजे काय झालं? सकाळ-संध्याकाळ पाच-पाच उठाबशा काढतो, नीट. तुम्ही काढून दाखवा बघू एक."

काका काहीतरी पुटपुटले. ढब्बूला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं, तो त्यांच्या पिशवीत नाक घालून उभा होता, शेपूट हलवत. गाजरं होती वाटतं.